गोड्या पाण्याखाली

त्या वर्षी काकींनी घरात होतं नव्हतं तेवढं सगळं वालाचं बी पेरून टाकलं. मागे मूठभरही ठेवलं नाही.

काकी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. कामोठ्याच्या गावठाणाच्या कडेला त्यांच्या मुलाने बांधलेल्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि त्या तळमजल्यावर. त्यांची शेतं फार पूर्वी शहरासाठी गेली. ज्या खाचरात त्यांनी लग्नानंतरची पहिली लावणी केली होती तिथे आता एक बँक आणि दोन औषधांची दुकानं आहेत. उरली होती ती नदीकाठची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला हमरस्त्याची भिंत, आणि नदीच्या बाजूने मातीचा जुना बांध. ही नदी माथेरानच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते आणि आमच्या वस्तीपाशी येता येता खाडीत मिसळायला लागते. त्यामुळे भरतीचं पाणी दिवसातून दोनदा तिच्या अंगात शिरतं. बांध आहे तो ते पाणी शेताबाहेर राहावं म्हणून.

पावसाळ्यात त्या पट्टीत भात होई. भात कापलं की जमिनीत जी ओल मागे राहते, तिच्यावर वाल पेरायचे. त्यांना वरून पाणी देत नाहीत. पावसाने जमिनीच्या पोटात जे ठेवलेलं असतं ते मुळांनी खाली खाली जात शोधायचं आणि पहाटेचं दव पानांनी प्यायचं, एवढ्यावर ते पीक उभं राहतं. काकींचे वाल बारीक, तांबूस आणि चांगलेच कडू. ते बी त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं, सासूबाईंकडे त्यांच्या सासूबाईंकडून. चाळलेल्या राखेत घोळवून, पत्र्याच्या डब्यात, फडक्याने तोंड बांधून ते ठेवलेलं असे. डबा उघडला की जुन्या चुलीचा वास येई, जी चूल मी कधी पाहिलेली नव्हती.

आदल्या वर्षी परतलेला पाऊस भात कापून पडलेलं असताना पुन्हा आला आणि हलेचना. उशिरा पेरलेला वाल चिखलात कुजून गेला. तेव्हा डब्यातलं अर्धं बी संपलं. उरलेलं आणखी एक वर्ष ठेवावं, तर खाडीच्या दमट हवेत त्याला भुंगे लागतात आणि जोरही जातो. म्हणून काकींनी सगळंच पेरायचं ठरवलं.

"आये, थोडं ठेव गो मागं," त्यांचा मुलगा म्हणाला. तो बांधकामाचं सामान पुरवतो. हातात सतत फोन, कपाळावर सतत आठी. पण वालाचा विषय निघाला की त्याच्या आवाजातला व्यवहार कुठेतरी जाऊन बसतो.

"ठेवून काय करू? भुंग्यांचा लगीन लावू?"

"तसं नाय. उद्या काय झालं तर?"

"काय झालं तर संपला. पन डब्यात मरन्यापेक्षा मातीत मरूदे."

मी हसले. तोही हसला. पण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की या वर्षी बी हाती आलं नाही, तर ते पुन्हा कुठूनही येणार नाही. बाजारात वाल मिळतात, ते निराळे.

त्या वर्षीचा पाऊस मी खारघरच्या कॉलेजच्या खिडकीतून पाहिला होता. माझ्या वर्गासमोर डोंगर आहे. कितीतरी दिवस तो कोरडा, तापलेल्या तव्याच्या रंगाचा राहिला. आणि मग एकाएकी त्याच्या अंगावरून इतके पांढरे ओहोळ उतरू लागले की वर्गात कविता वाचताना मला आवाज चढवावा लागे. चार-पाच दिवस तो गदारोळ. मग उघडीप, कडक ऊन. मग पुन्हा तसेच काही बेभान दिवस. नदी गढूळ होऊन पुलाच्या पोटाला लागली, रस्त्यावर आली, गाड्या तरंगल्या. आणि भाद्रपद सरण्याआधीच आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. लोकांना बरं वाटलं. कपडे वाळले, मांडव कोरडे राहिले. पाऊस नेहमीइतकाच झाला, असं बातम्यांत सांगितलं गेलं.

"झाला असंल," काकी टीव्हीकडे पाहत म्हणाल्या, "पन सगला पलत पलत खाडीत गेला. जमिनीला कोनी इचारलं का, तुला किती पायजे?"

मी देशावरची. माझ्या माहेरची नदी धरणाखालची. तिला पाणी सुटतं ते पाटाच्या पाळीप्रमाणे, आणि लहानपणी मला वाटे की नद्या अशाच, कुणीतरी चावी फिरवल्यावर वाहतात. इथे काकींबरोबर दुपारी बांधावर जाऊ लागले तेव्हा कळलं की नदी ही एक शिल्लक आहे. आभाळ देतं, त्यातलं काही ऊन परत नेतं, काही झाडं पितात, काही माती धरून ठेवते. आणि या सगळ्यांचं भागल्यावर जे उरतं ते वाहतं. श्रावणातली नदी आभाळातून येते. पण मार्गशीर्षात, पौषात जी नदी वाहते ती डोंगराने पावसाळ्यात गिळलेलं पाणी हळूहळू, घोटाघोटाने सोडत असतो म्हणून. पाऊस संथ, दिवसेंदिवस पडत राहिला तर डोंगराला गिळायला अवधी मिळतो. तो कोसळला तर डोंगराचं तोंड भरून वाहतं आणि पोट रिकामंच राहतं. त्यात डोंगराच्या पायथ्याशी आता माती कमी आणि फरशी जास्त.

भात कापल्यावर आम्ही पेरायला गेलो. म्हणजे काकींनी पेरलं; मी टोपली धरली. कापलेल्या भाताच्या धसांचा तो वास मला शब्दांत कधीच नीट पकडता आलेला नाही: थोडा दुधाळ, थोडा बुरसट, तळाशी लोखंडासारखा थंड. काकी काठीने भोक पाडत, त्यात दाणे सोडत आणि टाचेने माती दाबत. दाबताना त्या थोड्या थांबत. टाचेला ओल जाणवते का ते पाहत होत्या, हे मला उशिरा कळलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"हाय. पन वरवरची हाय," त्या म्हणाल्या. "सून जशी पावन्यांसमोर गोड बोलते ना, तशी."

वाल उगवले. दुपदरी कोवळी पानं मातीतून मान वर काढून उभी राहिली तेव्हा काकींच्या मुलाने गाडी रस्त्यावर लावून, भिंतीवरून डोकावून त्यांचे फोटो काढले आणि आपल्या बहिणींना पाठवले. दोघी सासरी, एक उरणला, एक पेणला. पौषात सगळ्यांनी पोपटीला यायचं ठरलं. शेताच्या कडेला मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा भाजायच्या, ही त्या घराची हिवाळ्याची रीत. "पहिलं बी निघूदे, मग खायच्या गोष्टी," असं काकींनी फोनवर दोघींना बजावलं.

पण हिवाळा आलाच नाही. कार्तिक गेला तरी दुपारी अंगाला भाजत होतं. पहाटे मी मुद्दाम गच्चीवर जाऊन कठड्यावरून हात फिरवी. तो कोरडाच येई. दव नव्हतं. नदी दिवसागणिक आवाज गमावत होती. आधी दगडांवरचा खळखळाट गेला, मग कडेच्या गवतातली कुजबुज गेली, आणि मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा बांधाशेजारच्या वळणावर एक डोह तेवढा राहिला. वरून येणारी धार मनगटाएवढी. एरवी शिमग्यापर्यंत या डोहातून पाणी वाहतं राहतं, असं काकी सांगत. आता त्याच्या कडेचा चिखल फाटू लागला होता, आणि त्या भेगांतून सडक्या शिंपल्यांचा वास येत होता.

वाल नेमका तेव्हा फुलावर आला. पांढरी, किंचित जांभळट फुलं; पण पानं दुपारी अशी लोंबत, की जणू कुणी पुसून वाळत घातलेली फडकी. फुलं धरत नव्हती, गळत होती. काकी एकेक उचलून तळहातावर घेत आणि पुन्हा मातीवर ठेवत.

"आये, एक पानी देऊ या," मुलगा म्हणाला.

"वालाला पानी देत नाय."

"देत नाय ते मला बी म्हाईत हाय. पन मरतायत ना ते. टँकर आनू?"

"टँकरचा पानी? त्यात औषध असतं. बी जातं त्याच्यानी."

"मग नदीचा दे. डोहात हाय अजून."

 घरी आल्यावर काकींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. "आठमीला बघू," त्या म्हणाल्या. मला त्यांनी समजावलं: अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण असतं, खारं पाणी नदीत लांबवर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. भरतीला जोर नसतो. त्या दिवशी ओहोटी पुरती उतरली की डोहात राहतं ते डोंगराकडून आलेलं गोडं पाणी. त्यांच्या सासूबाई भाजीच्या आळ्यांना पाणी घालायच्या त्या असंच तिथी आणि ओहोटी पाहून.

अष्टमीला मला सुट्टी होती. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती आणि डोहाच्या खालच्या अंगाचा चिखल उघडा पडून आरशासारखा चमकत होता. मुलाने त्याच्या एका कामावरचा पंप आणला होता, पायाच्या खड्ड्यांतलं पाणी उपसायचा. काकी मात्र आधी पाण्याशी बसल्या. पदर खोचून, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि घोट तोंडात फिरवला. मग मला खूण केली. मीही चाखलं. कोमट, पालापाचोळ्याची चव, मातीची चव. आणि शेवटी जिभेवर एक निर्मळ, रिकामी गोडी.

"गोरा हाय," काकी म्हणाल्या. त्यांच्या बोलीत गोड्याचं गोरं होतं. "लाव पंप."

पंपाचा जाड नळ डोहात टाकला, तो गटांगळ्या खात तळाला गेला. इंजिन धडधडलं. दुसऱ्या टोकातून पाणी उसळून वाफ्यांत शिरलं आणि तहानेल्या मातीतून बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज येऊ लागला. मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, फावड्याने पाण्याला वाट करून देत होता. त्याचा फोन तिकडे बांधावर ठणाणत राहिला.

"उचल ना रे," काकी ओरडल्या, "तुझा सिमेंट रडतोय!"

"रडूदे. आज मी शेतकरी हाय."

"शेतकरी! वाफा बघ कसा केलाय, गटार वाटतं."

आम्ही सगळे हसलो. थर्मासमधला चहा प्यायलो. बांधालगतच्या उंचवट्यावरच्या ओळीपर्यंत पाणी चढलं नाही; तिथे कळशीने घालू, असं म्हणता म्हणता ऊन कलंडलं आणि ते राहून गेलं. परतताना काकी माझ्या हाताला धरून चालत होत्या आणि त्यांचा हात त्या दिवशी हलका होता.

दोन-तीन दिवसांनी मी कॉलेजातून परतून तशीच शेतावर गेले. पानांच्या कडा करपल्या होत्या. निखाऱ्याजवळ धरलेला कागद जसा आधी कडेने तपकिरी होतो, तशा. वाफ्यांच्या तळाशी एक पांढुरकी साय धरली होती. वाळलेल्या घामाचे डाग काळ्या कापडावर दिसतात, तशी. काकी आधीच तिथे होत्या. त्यांनी वाकून मातीची चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली नाही. गिळली.

मुलगा धावत आला तो चिडूनच. "पन तू चाखलंस ना आये! या ताईंनी बी चाखलं!"

"चाखलं," काकी म्हणाल्या.

त्याने पंप चालू केला. नळाच्या तोंडाशी ओंजळ धरली, घोट घेतला, आणि जोरात थुंकला. मग डोहाच्या कडेला जाऊन वरचं पाणी प्यायला. मग पुन्हा नळाशी. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. जणू कोणत्यातरी एका वेळी दोन्ही पाणी सारखी लागतील. शेवटी पंप बंद केला आणि शांततेत म्हणाला, "वरती गोरं. खालती खारं."

खारं पाणी जड असतं. नदीला जोर होता तोवर ती ते ढकलून खाडीकडे परत पाठवत असे. भरतीने आत आणलेलं ओहोटीबरोबर निघून जाई. आता तिच्यात ढकलण्याइतका जीव राहिलेला नव्हता. मनगटाएवढी धार वर पातळ पदरासारखी पसरत होती आणि तिच्याखाली, हलवायला कुणीच नसल्यामुळे, उधाणाचं पाणी तळाशी घर करून बसलं होतं. तिथी बरोबर होती. ओहोटी बरोबर होती. काकींची जीभही खरंच सांगत होती. "आमी कलशीनी घ्यायचो," त्या म्हणाल्या, "कलशी वरचा पानी घेते."  मुलाला त्यांनी बोल लावला नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याला तिथे उभं राहणं जड गेलं.

तो टँकर घेऊन आला. मीठ धुवायचं म्हणून दोन दिवस वाफे भिजवले. पण ज्या मुळांनी ते प्यायलं होतं त्यांच्यातून ते कसं धुणार. पट्टी पाहता पाहता वठली. वारा आला की शेतातून वाळल्या पानांचा जो आवाज येई तो पावसाच्या दुरून येणाऱ्या आवाजासारखा होता, आणि मला तो ऐकवत नसे. पोपटीला बहिणी आल्या नाहीत. या असं कुणी म्हटलंही नाही.

जगली ती बांधालगतची एक ओळ, जिला पाणी पोचलं नव्हतं. खुरटलेली, तहानलेली, पण जिवंत. माघात तिच्यावर थोड्या शेंगा वाळल्या. काकींनी त्या एकट्यांनी खुडल्या. सुपात घालून गच्चीवर ऊन दाखवलं, तेव्हा मी दाणे पाहिले: बारीक, काहीसे सुरकुतलेले, तांबूस. एका वाटीत मावतील एवढे. मुलगा गच्चीवर येऊन त्यांच्याकडे पाहत उभा राही. एकदा कबुतरांना हाकलायला तो जिना चढून धावत आला, तेव्हा फोनवरचा माणूस तसाच हॅलो हॅलो करत राहिला होता.

"आहे ना, काकी," मी म्हणाले. "बी राहिलं."

"हाय," त्या म्हणाल्या.

चैत्रात मी त्यांच्याबरोबर पुन्हा बांधावर गेले. डोहावरची गोडी धार बंद झाली होती. भरती आता बांधाच्या पायथ्याला रोज टेकत होती, आणि एका ठिकाणी खेकड्यांनी बांध पोखरून तिला वाट करून दिली होती. शेतात पांढरे चट्टे पसरले होते. त्यांच्यावर पाय पडला की पापडासारखा कडकड आवाज होई. मी म्हणाले, पावसाळ्यात धुऊन जाईल. काकींनी मान हलवली. मीठ धुवायला शेतात पाणी दिवसेंदिवस उभं राहावं लागतं, मुरावं लागतं, पुन्हा काढून टाकावं लागतं. संथ पाऊस हवा. "असा पलता पाऊस काय धुनार? तो पाय बी धूत नाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "दोन-तीन वर्सं तरी इथं काय नाय होनार." बी इतकी वर्षं थांबत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

पेणला, धाकट्या बहिणीच्या सासरी शेत होतं. मुलगा म्हणाला, तिथे टाकू. त्याचा आवाज जिन्यातून वरपर्यंत येत होता.

"तिथं त्यांचा बी हाय," काकी म्हणाल्या.

"मग एक ओल आपली." ओळीलाही त्यांच्या बोलीत ओलच म्हणतात.

"कोनाच्या शेतात एक ओल आपली करून किती वर्सं ऱ्हायची?"

वैशाखातल्या एका दुपारी त्यांच्या सुनेने माझ्याकडे झाकलेली वाटी पाठवली. वालाचं बिरडं. मी एकटीच होते, पंख्याखाली, खिडक्यांवर ओले पडदे सोडून. पहिल्या घासालाच थांबले. आधी नारळाचा मऊपणा, मग आमसुलाची धार, आणि मग जिभेच्या मुळाशी हळूच उमलत गेलेला तो कडूपणा, ज्याच्यामागून कुठूनशी गोडी येते आणि मग दोन्ही एकमेकांत विरून जातात. मी सावकाश खाल्लं. वाटी चाटून पुसून संपवली.

सांगावं म्हणून मी खाली गेले. काकींचा मुलगा जेवायला बसला होता. पुढ्यात ताट; भाताला हात लागलेला नाही. काकी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी म्हणाले, "काकी, असं बिरडं मी आजवर खाल्लं नव्हतं. कुठून आणलेत वाल?"

 मुलगा ताटाकडे पाहत म्हणाला, "तेच हाय ताई. तेच बी."

माझ्या तोंडात ती चव अजून होती.  आणि बिरड्यासाठी वाल भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, मग एकेक सोलतात, हे सारं एकदम डोळ्यांसमोर आल्यामुळे असेल, माझ्या तोंडून नको तोच प्रश्न निघून गेला.

"काकी, मोड आले होते?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग पातेल्यात उरलेलं बिरडं डावाने काढून मुलाच्या भातावर घातलं.

"सगल्यांना," त्या म्हणाल्या. "जेव रे. थंड होतंय."